मंद आचेवरचं अंडं : फ्रेंच स्वयंपाकघराचा इतिहास आणि आपल्या पोटाचं आरोग्य



अंड्याबद्दल दवाखान्यात विचारले जाणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. अंडं कच्चं घ्यावं की उकडून? हाफ बॉईल जास्त पौष्टिक असतं का? बलक काढून टाकायचा का? अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. मोबाईलवर फ्रेंच पद्धतीच्या अंड्याचे व्हिडिओ बघून तरुण मुलंमुली विचारतात, "डॉक्टर, ते लोक अंडं एवढं मऊ, जवळजवळ पातळ ठेवतात. ते चालतं का?"

याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. ते द्यायचं तर फ्रेंचांनी अंडं हळूहळू शिजवायला कसं आणि का शिकलं, हे आधी बघावं लागतं. या इतिहासात धर्मगुरू आहेत, किमयागार आहेत, एक पळून गेलेला न्यायाधीश आहे, पोटाला भोक पडलेला एक मजूर आहे आणि दोन शास्त्रज्ञ आहेत. आणि गंमत म्हणजे वरच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्यातच सापडतात.

आधी उच्चाराची एक गोष्ट सांगून टाकतो. फ्रेंचमध्ये एक अंडं म्हणजे 'अफ', पण दोन अंडी झाली की शेवटचा 'फ' गळून पडतो आणि उरतो नुसता 'अ'. त्यामुळे पुढे 'अ ब्रुये' वगैरे शब्द दिसले तर छपाईची चूक समजू नका.

मांस नाही, पण अंडं आहे

जुन्या फ्रान्समध्ये कॅथलिक चर्चच्या नियमांनुसार वर्षातले बरेच दिवस मांस वर्ज्य असे. शुक्रवार तर असेच, शिवाय ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा लेंटचा काळ. लेंटमध्ये पूर्वी अंडीही बंद असत. कोंबड्यांना मात्र हे कोण सांगणार? त्या अंडी घालतच राहायच्या. साठलेली अंडी ईस्टरला बाहेर निघत आणि रंगीत 'ईस्टर एग'च्या प्रथेशी या साठ्याचा जवळचा संबंध आहे.

लेंट सोडून इतर बिनमांसाच्या दिवशी अंडं चालायचं. म्हणजे घरात पैसा आहे, स्वयंपाकी आहे, पाहुणे येणार आहेत, पण मांस शिजवायचं नाही. अशा दिवशी ताटाची शोभा राखायची जबाबदारी मासे आणि अंडी यांच्यावर पडे. १६५१ मध्ये ला व्हारेन या स्वयंपाक्याचं 'ल क्विझिनिये फ्रांस्वा' हे पुस्तक आलं. आधुनिक फ्रेंच पाकशास्त्राची सुरुवात बहुतेक जण याच पुस्तकापासून धरतात. त्यातले पदार्थ मांसाचे दिवस, बिनमांसाचे दिवस, लेंट अशा हिशेबाने लावलेले आहेत आणि अंड्याचे पदार्थ त्यात भरपूर आहेत. थोडक्यात, फ्रेंच स्वयंपाक्याने अंड्याकडे इतकं लक्ष दिलं, त्यात हौसेइतकाच वाटा बंधनाचा होता. आपल्याकडे उपासाच्या निमित्ताने साबुदाणा आणि वरीच्या तांदळाचे जे प्रकार निघाले, त्याच जातीची ही गोष्ट.

मेरीचं स्नान

पण मंद शिजवण्याचं तंत्र आलं कुठून? त्याचं नाव 'बॅं-मारी', म्हणजे शब्दशः मेरीचं स्नान. ही मेरी म्हणजे येशूची आई नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत अलेक्झांड्रियाच्या परिसरात होऊन गेलेली ही एक ज्यू स्त्री, किमयागार. तिचं स्वतःचं लिखाण उरलेलं नाही. साधारण इ. स. ३०० च्या सुमारास झोसिमस नावाच्या दुसऱ्या किमयागाराने तिच्या उपकरणांचं वर्णन करून ठेवलं, म्हणून ती आपल्याला माहीत. भांड्यात पाणी, त्या पाण्यात दुसरं भांडं आणि त्यात तापवायचा पदार्थ, ही रचना तिच्या नावावर आहे. 'मेरीचं स्नान' हे नाव रूढ करण्याचं श्रेय आर्नाल्द द व्हिलनव्ह याला देतात. हा मध्ययुगातला वैद्य होता आणि फ्रान्समधल्या माँपेलिये इथल्या प्रसिद्ध वैद्यकविद्यालयात शिकवायचा. त्यामुळे हे तंत्र स्वयंपाकघरात येण्याआधी औषधं करणाऱ्यांच्या हातात होतं, हे मला डॉक्टर म्हणून सांगायला आवडतं. मलमं, अर्क, तेलं करपू नयेत म्हणून वैद्य पाण्यातून उष्णता देत. एम.बी.बी.एस.ला बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत आम्ही जो 'वॉटर बाथ' वापरला, तो याच वंशातला.

यात विज्ञान अगदी साधं आहे. उघड्या भांड्यातलं पाणी कितीही ढणढण उकळलं तरी १०० अंशांच्या वर जात नाही. तव्यावरचं तेल किंवा लोणी मात्र सहज दीडशेच्या पुढे जातं. आणि अंड्याला शिजायला लागते साठ ते ऐंशी अंशांची उष्णता. मग दीडशे अंशांच्या तव्यावर टाकलेल्या अंड्याचा तळ रबरासारखा होतो आणि वरचा भाग पातळ राहतो, यात नवल काय!

'अ कोकॉत' हा पदार्थ या तंत्राचा सगळ्यात सोपा नमुना आहे. चिनी मातीच्या लहान वाटीला लोणी लावायचं, थोडी साय किंवा क्रीम घालायचं, वर अंडं फोडायचं. त्या वाट्या गरम पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवून भट्टीत सरकवायच्या. पाणी वाटीला खालून आणि बाजूंनी सारखी उष्णता देतं. पांढरा भाग घट्ट होतो, बलक मऊसर राहतो. ना पलटणं, ना ढवळणं.

पळालेल्या न्यायाधीशाची अंडी

ढवळून केलेल्या अंड्यांना म्हणतात 'अ ब्रुये'. भुर्जीचा हा दूरचा भाऊ म्हणता येईल, पण स्वभावाने अगदी उलटा. भुर्जीला मोठी आच, कांदा, मिरची आणि तव्यावर खणखणणारा कालथा लागतो. ब्रुयेला लागतो लाकडी चमचा आणि धीर. आपल्या इराणी हॉटेलांत मिळणारी पारशी अकुरी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना पोताचा थोडा अंदाज येईल.

या पदार्थाशी जोडलेलं एक नाव म्हणजे ब्रिया-सावारॅं. हा पेशाने वकील आणि पुढे न्यायाधीश, बेले या गावाचा महापौरही होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या दहशतीच्या काळात डोकं वाचवण्यासाठी तो देश सोडून पळाला आणि अमेरिकेत पोचला. तिथे फ्रेंच शिकवून आणि न्यूयॉर्कच्या नाटकगृहात व्हायोलिन वाजवून त्याने पोट भरलं. बॉस्टनमध्ये झ्युलियॅं नावाचा एक फ्रेंच खानावळवाला होता. त्याला ब्रिया-सावारॅंने चीज घालून ढवळलेली अंडी करायला शिकवली. तो पदार्थ तिथे इतका चालला की झ्युलियॅंने आभार म्हणून त्याला हरणाच्या मांसाचा मोठा तुकडा भेट पाठवला.

१८२५ च्या डिसेंबरात त्याचं 'फिझियोलोजी द्यु गू' हे पुस्तक बाहेर पडलं आणि पुढच्या फेब्रुवारीत तो वारला. नावातच 'फिझियोलॉजी' आहे, म्हणजे चवीचं शरीरशास्त्र. त्यात त्याने 'फोंद्यू'ची कृती दिली आहे. आज फोंद्यू म्हटलं की वितळलेलं चीज डोळ्यांसमोर येतं, पण त्याचा फोंद्यू म्हणजे चीज घातलेली मंद ढवळलेली अंडीच. प्रमाण ठरलेलं: अंड्यांचं वजन करा, त्याच्या एक तृतीयांश ग्रुयेर चीज आणि एक षष्ठांश लोणी घ्या. मीठ बेताने, कारण चीज खारट असतं. मिरपूड भरपूर. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कच्चं अंडं पचायला हलकं, हा समज आला कुठून?

आता थोडं वैद्यकाकडे वळू.

१८२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सॅं मार्तॅं या फ्रेंच-कॅनेडियन तरुणाला जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम भरताना पोटाच्या भिंतीत एक भोक कायम राहिलं. त्या भोकातून थेट जठरात बघता यायचं. बोमाँटने पुढची काही वर्षं त्यातून अन्न आत सोडून, बाहेर काढून, किती वेळात काय विरघळतं याची नोंद केली. आजच्या नैतिकतेत हे प्रयोग मुळीच बसणारे नाहीत. त्या गरीब माणसाला नाही म्हणण्याची फारशी सोय नव्हती. पण १८३३ मध्ये बोमाँटने छापलेलं पुस्तक जठराच्या कामाबद्दलचा पहिला भक्कम पुरावा ठरलं.

त्यातल्या तक्त्यात अंडीही आहेत. फेटलेलं कच्चं अंडं दीड तास, हलकं उकडलेलं तीन तास, कडक उकडलेलं साडेतीन तास. हा तक्ता पुढे पुस्तकापुस्तकांतून उतरत गेला आणि 'कच्चं अंडं लवकर पचतं' या समजाला त्याने डॉक्टरी शिक्का दिला. आपल्याकडच्या तालमींमध्ये दुधात कच्ची अंडी घालून पिणारे पैलवान हा तक्ता वाचून पीत नव्हते हे खरं, पण समज तोच.

गफलत इथे आहे: जठरातून लवकर बाहेर पडणं म्हणजे पचणं नव्हे. प्रथिनांचं बरंचसं पचन आणि सगळं शोषण पुढे लहान आतड्यात होतं. १९९८ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हन इथल्या संशोधकांनी हे नेमकं मोजलं. ज्यांच्या लहान आतड्याचं टोक शस्त्रक्रियेने पोटावर काढलेलं होतं अशा पाच जणांना त्यांनी खुणेचा कार्बन असलेली अंडी खायला दिली आणि किती प्रथिन न पचता बाहेर आलं ते तपासलं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. म्हणजे कच्च्या अंड्याचं जवळजवळ अर्धं प्रथिन वाया. कारण कच्च्या पांढऱ्यातली प्रथिनं घट्ट गुंडाळलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखी असतात आणि आपल्या पाचकरसांना त्यात शिरायला जागा मिळत नाही. शिवाय पचनातल्या ट्रिप्सिनला अडवणारी काही प्रथिनं तिथे असतात. उष्णतेने गुंडा सैल होतो, मग कात्री चालते.

दुसरं, कच्च्या पांढऱ्यात अॅविडिन नावाचं प्रथिन असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. १९२७ मध्ये लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी नुसतं कच्चं पांढरं खाणाऱ्या उंदरांची कातडी बिघडते आणि केस झडतात हे दाखवलं. एखाद्या कच्च्या अंड्याने असं काही होत नाही. रोज अनेक कच्च्या अंड्यांचं पांढरं महिनोन्महिने पिणाऱ्या जिमवाल्या मुलांना मात्र मी हे आवर्जून सांगतो.

बलकात काय सापडलं

त्याच शतकात पॅरिसमध्ये तेओदोर गोब्ले नावाचा औषधविक्रेता-रसायनशास्त्रज्ञ अंड्याच्या बलकावर काम करत होता. १८४० च्या दशकात त्याने बलकातून फॉस्फरस असलेला एक स्निग्ध पदार्थ वेगळा केला आणि १८५० मध्ये त्याला 'लेसिथिन' नाव दिलं. ग्रीक भाषेत बलकाला 'लेकिथोस' म्हणतात, त्यावरून. आज चॉकलेटच्या वेष्टणापासून औषधाच्या कॅप्सूलपर्यंत दिसणारा लेसिथिन हा शब्द मुळात अंड्याचा आहे. तेल आणि पाणी यांना एकत्र बांधण्याचं काम तो करतो. मेयोनेज टिकतं ते मुख्यतः यामुळेच. लेसिथिनमधूनच कोलीन मिळतं, जे यकृताला, मज्जासंस्थेला आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूला लागतं. ५० ग्रॅमच्या एका अंड्यात साधारण ७२ उष्मांक, ६ ग्रॅम प्रथिनं, ५ ग्रॅम स्निग्ध आणि १४७ मिलिग्रॅम कोलीन असतं. कोलीन जवळजवळ सगळं बलकात. अ आणि ड जीवनसत्त्वं, लोह, हेही बलकातच. बलक फेकणाऱ्यांनी एकदा हा हिशेब बघावा.

एस्कोफियेचं लोणी

१९०३ मध्ये ऑग्युस्त एस्कोफियेचं 'ल गीद क्युलिनेर' आलं आणि फ्रेंच स्वयंपाकाची घटनाच लिहिली गेली म्हणा ना. अंड्यांना त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. 'अ ब्रुये' हा अंड्याचा सगळ्यात नाजूक प्रकार, पण तो जास्त शिजू देता कामा नये, असं त्याचं मत. पूर्वीच्या काळी हा पदार्थ खात्रीसाठी पाण्यावर ठेवून करत, पण त्याला फार वेळ लागतो, हेही तो नोंदवतो. तो स्वतः जाड बुडाच्या भांड्यात, मध्यम आचेवर, लाकडी चमच्याने सतत ढवळत करायला सांगतो. घाई केली की गुठळ्या होतात.

आता डॉक्टरचा चष्मा लावून त्याच्या पुस्तकाची १९०७ ची इंग्रजी आवृत्ती बघू. सहा अंड्यांना सुरुवातीला एक औंस लोणी, भांडं खाली उतरवल्यावर आणखी दीड औंस, वर तीन मोठे चमचे क्रीम. अडीच औंस म्हणजे साधारण ७० ग्रॅम लोणी. सहा अंड्यांचे उष्मांक सुमारे ४३०, आणि त्या लोण्याचे ५०० च्या आसपास. सहा अंड्यांतलं संपृक्त स्निग्ध, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, साडेनऊ ग्रॅम. लोण्यातलं सुमारे ३५ ग्रॅम. क्रीम अजून धरलेलंच नाही. ब्रिया-सावारॅंच्या फोंद्यूतही हीच गत आहे, तिथे लोण्याच्या जोडीला चीज. म्हणजे हा पदार्थ खाऊन कोलेस्टेरॉल वाढलं, तर दोष अंड्याला द्यायचा की अंड्याच्या सोबत्यांना?

हा प्रश्न विसाव्या शतकात बराच काळ गोंधळलेला राहिला. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिचकोव्हने सशांना तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल चारलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर दिसले. प्रयोग मोठाच होता, पण ससा शाकाहारी. कोलेस्टेरॉल हाताळायची त्याच्या शरीराला सवयच नाही. माणसाचं यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं आणि बाहेरून जास्त आलं की बहुतेकांत स्वतःचं उत्पादन कमी करतं. तरी १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा आणि आठवड्याला तीनच बलक, असा सल्ला दिला. एका अंड्यात सुमारे १८६ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दोन अंड्यांतच मर्यादा पार. हा सल्ला जगभर गेला. अमेरिकी सरकारच्या २०१५-२०२० च्या आहारसूचनांमधून ३०० चा आकडा गेला. संपृक्त स्निग्धावरची मर्यादा मात्र राहिली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल बलकापेक्षा लोणी, तूप, वनस्पती आणि तळणाने जास्त हलतं.

याचा अर्थ मधुमेहींनी चार-चार अंडी खावीत असा नाही. १९९९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे १ लाख १८ हजार स्त्रीपुरुषांच्या माहितीवरून दाखवलं की निरोगी माणसांत दिवसाला एका अंड्यापर्यंत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसत नाही. पण त्यातल्या मधुमेहींमध्ये जास्त अंडी खाणाऱ्यांचा धोका वाढलेला दिसला. पुढच्या अभ्यासांची उत्तरं एकसारखी आलेली नाहीत. म्हणून मधुमेह असेल, एल.डी.एल. जास्त असेल किंवा घराण्यात लवकर हृदयविकार असेल, तर किती अंडी खायची हे आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

६५ अंशांचं अंडं

१९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये निकोलस कुर्टी या भौतिकशास्त्रज्ञाने 'स्वयंपाकघरातला भौतिकशास्त्रज्ञ' या विषयावर व्याख्यान दिलं. हा माणूस निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळचं तापमान गाठण्याच्या संशोधनासाठी प्रसिद्ध. त्याची तक्रार अशी की शुक्र ग्रहाच्या वातावरणाचं तापमान आपण मोजतो, पण आपल्याच भट्टीतल्या सूफलेच्या आत काय चाललंय ते आपल्याला माहीत नाही. (सूफले म्हणजे फेटलेल्या अंड्याचा फुगवलेला पदार्थ.) पुढे त्याची गाठ पडली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस याच्याशी. तीसचं वेड १९८० मध्ये सूफलेच्याच एका कृतीपासून सुरू झालं. बलक दोन-दोन करूनच घाला असं त्यात का लिहिलंय, हे त्याला कुणी सांगू शकेना. या दोघांनी १९८८ मध्ये 'मॉलिक्युलर गॅस्ट्रॉनॉमी' हे नाव दिलं.

तीसने एक साधी गोष्ट ठासून मांडली: अंडं शिजण्यात तापमानाला फार महत्त्व आहे, आणि आपण घड्याळाकडेच बघत बसतो. अंड्याचं पांढरं म्हणजे एक प्रथिन नव्हे. त्यातलं ओव्होट्रान्सफेरिन ६१-६२ अंशांना गोठायला लागतं. पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन मात्र ८० च्या पुढे. बलक ६५ च्या आसपास दाट होऊ लागतो, ७० ला घट्ट. म्हणून कवचासकट अंडं ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं तर पांढरं लुसलुशीत आणि बलक घट्ट मधासारखा होतो. फ्रान्सच्या उपाहारगृहांत याला 'अफ पार्फे', म्हणजे परिपूर्ण अंडं म्हणतात. २०११ मध्ये सेसार व्हेगा आणि रुबेन मेर्कादे-प्रिएतो यांनी बलकाचा दाटपणा मोजून दाखवला की निव्वळ तापमान पुरेसं नाही, वेळही तितकीच महत्त्वाची. त्याच तापमानाला जास्त वेळ ठेवलं की बलक दाट होतच जातो.

तापमान आणि वेळ ही जोडी आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे. जंतूही याच जोडीने मरतात.

साल्मोनेला, आणि मऊ अंडं कुणी टाळावं

१९८० च्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साल्मोनेला एन्टरायटिडिस या जंतूच्या साथी वाढल्या आणि त्याचा माग अंड्यांपर्यंत गेला. धक्का असा होता की कवच स्वच्छ, न तडकलेलं असूनही जंतू आत सापडत. कोंबडीच्या अंडाशयातच तो असेल तर कवच तयार होण्याआधीच तो अंड्यात शिरतो. अंडं धुऊन हा धोका जात नाही. ब्रिटनमध्ये १९८८ च्या डिसेंबरात यावरच्या एका विधानावरून एका कनिष्ठ मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. नंतर तिथे कोंबड्यांचं लसीकरण झालं, शिक्का मारलेली अंडी आली, आणि २०१७ मध्ये अशा शिक्क्याची अंडी गरोदर बायका आणि लहान मुलांनीही मऊ खाल्ली तरी चालतील, असं तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने जाहीर केलं. फ्रान्समधली अन्नसुरक्षा संस्था, आन्सेस, मात्र गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं अंडं टाळायलाच सांगते. मऊ अंड्याचा शोधच जणू ज्यांनी लावला, त्या देशाचा हा सल्ला आहे.

आपल्या वाण्याकडे ट्रेमधून सुटी मिळणाऱ्या अंड्यांवर असा कुठलाही शिक्का नसतो. ती कधी घातली, किती दिवस उन्हात टेम्पोत होती, कळत नाही. त्यामुळे मी फ्रेंच सल्ल्याच्या बाजूने आहे. गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढचे लोक, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असलेले, किडनी बदललेले, यांनी बलक घट्ट होईपर्यंत शिजवलेलंच अंडं खावं. इतर निरोगी माणसाला मऊ बलकाने धोका कमी, पण शून्य नाही.

मग ६५ अंशांचं 'परिपूर्ण' अंडं सुरक्षित की नाही? अमेरिकेत फोडून एकत्र केलेली अंडी पाश्चराइज करताना ६० अंशांना साडेतीन मिनिटं ठेवतात. त्या हिशेबाने पाणी खरोखर तासभर ६५ वर राहिलं, तर बलक मऊ दिसूनही जंतू मेलेले असतात. उलट उकळत्या पाण्यात तीन मिनिटं बुडवलेल्या 'अफ आ ला कॉक'च्या बलकाचा मध्य तेवढा तापतच नाही, पाणी शंभर अंशांचं असलं तरी. दिसायला दोन्ही सारखे पातळ, पण जंतूंच्या दृष्टीने वेगळे. अडचण एवढीच की हे अंशाअंशाचं काम नेमक्या यंत्राशिवाय होत नाही. गॅस बारीक करून, बोट बुडवून 'साधारण गरम आहे' म्हणत तासभर अंडी ठेवणं म्हणजे जंतूंना उबवणं. ते कृपा करून करू नका.

घरी करायचं तर

एका रुंद पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा आणि गॅस बारीक करा. त्यावर स्टीलचं दुसरं भांडं असं ठेवा की बूड पाण्याला जेमतेम लागेल. त्यात एक लहान चमचा लोणी किंवा तेल, दोन फेटलेली अंडी, दोन चमचे दूध, मिरपूड. रक्तदाब असेल तर मीठ अगदी चिमूट. लाकडी चमच्याने तळ खरवडत सतत ढवळा. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. मग तळाशी मऊ दाणे धरायला लागतील. दहा-बारा मिनिटांत सगळं दाटसर होतं. कुठेही पाणीदार पांढरं दिसत असेल तर थांबू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७१ अंश दिसले पाहिजेत. तेवढ्यालाही पोत मऊच राहतो, कारण आच सगळीकडून सारखी मिळालेली असते. वर सांगितलेल्या जोखमीच्या लोकांसाठी आणखी दोन-तीन मिनिटं ठेवून पूर्ण घट्ट करा.

एस्कोफियेच्या मानाने यात लोणी फार कमी आहे. चवीला थोडं उणं वाटेल, ती भर कोथिंबीर, चिरलेला टोमॅटो किंवा जराशा किसलेल्या चीजने काढता येते. सोबत पोळी किंवा भाजलेला पाव घ्या. आणि केल्याबरोबर खा. उरलं तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तासाभरातच, आणि दुसऱ्या दिवशी वाफ निघेपर्यंत गरम केल्याशिवाय डब्यात देऊ नका.